पहिला मासा कुठला? खाऱ्या पाण्याच्या टँकची पावणेदोनशे वर्षं

गेल्या महिन्यात दादाचा फोन आला. दादा म्हणजे माझा आतेभाऊ, पुण्यात असतो. म्हणाला, "खाऱ्या पाण्याचा टँक परत लावतोय. पण या वेळी मासे तुला विचारून आणणार. सांग, कुठले आणू?"

"या वेळी" का, ते आधी सांगते. तीन वर्षांपूर्वी त्याने ऐंशी लिटरचा टँक घेतला होता. मंगळवारी पाणी भरलं, मीठ टाकलं, फिल्टर सुरू केला. शनिवारी दुकानदाराने सांगितले ते मासे आणले: दोन क्लाउनफिश, तीन डॅमसेल आणि एक निळा टँग, म्हणजे सिनेमातली "डोरी". दहा दिवसांत दोन डॅमसेल सोडले तर सगळे गेले. दुकानदाराने पाण्यात टाकायच्या औषधाच्या दोन बाटल्या विकल्या आणि "नशीब असतं साहेब" म्हणाला.

माझा भाचा तेव्हा सहा वर्षांचा होता. त्याने मला विचारलं, "आत्या, माझी डोरी का मेली? मी तर तिला रोज खायला देत होतो."

मला उत्तर माहीत होतं, हेच वाईट. समुद्री पाण्याच्या फिल्टरमध्ये राहणारे, अमोनियावर जगणारे सूक्ष्मजीव हा माझ्या पीएचडीचा विषय आहे. पण टँक घेताना मला कुणी विचारलं नव्हतं, आणि मीही आपणहून काही बोलले नव्हते. मुलाला म्हटलं, "पाणी अजून तयार नव्हतं रे." त्याला ते पटलं नाही. पाणी तर समोर दिसत होतं, स्वच्छ काचेसारखं.

प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणासाठी हे फिल्टर आले कुठून ते शोधायला बसले आणि वाचत वाचत एकोणिसाव्या शतकात जाऊन पोचले. तिथे कळलं की दादाचा प्रश्न फार जुना आहे. गेल्या पावणेदोनशे वर्षांत "घरच्या टँकला योग्य मासा कुठला?" या प्रश्नाची उत्तरं चार-पाच वेळा बदललीत. आणि प्रत्येक वेळच्या यादीत माशांबद्दल जेवढं कळतं, तेवढंच त्या काळच्या माणसांना काय जमत नव्हतं तेही कळतं.

खिडकीशी उभी मोलकरीण

समुद्रातला जीव काचेमागे ठेवून बघणं ही कल्पना कुणा एकाची नाही. १८३२च्या सुमारास सिसिलीतल्या मेसिना इथे जान व्हिलप्र-पॉवर या संशोधक बाईंनी आर्गोनॉट नावाच्या, पातळ शिंपल्यात राहणाऱ्या ऑक्टोपसच्या भावंडाचा अभ्यास करायला काचेच्या टाक्या वापरल्या. १८४६ साली ॲना थिन या इंग्रज बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनला आणले. लंडनमध्ये समुद्राचं पाणी मिळणं मुश्कील. मग त्यांची मोलकरीण तेच पाणी उघड्या खिडकीशी उभी राहून या भांड्यातून त्या भांड्यात ओतत राहायची, रोज अर्धा-पाऊण तास. आज एअरपंप जे काम करतो ते तेव्हा एका बाईचे हात करत होते.

१८५० साली रॉबर्ट वॉरिंग्टन या लंडनच्या रसायनशास्त्रज्ञाने एक निबंध प्रसिद्ध केला. त्याने काचेच्या भांड्यात दोन गोल्डफिश, व्हॅलिसनेरिया ही पाणवनस्पती आणि कुजलेली पानं खायला गोगलगायी ठेवल्या होत्या. पाणी न बदलता सगळं छान चाललं. वनस्पती ऑक्सिजन देते, मासा तो घेतो, हिशोब जुळतो, अशी त्याची मांडणी. हा "समतोल टँक" पुढे शंभर वर्षं लोकांच्या डोक्यातून गेला नाही. वॉरिंग्टनने नंतर खाऱ्या पाण्यातही तेच करून पाहिलं.

१८४५ साली इंग्लंडमध्ये काचेवरचा कर उठला होता, रेल्वे समुद्रकिनाऱ्यापर्यंत पोचली होती. मध्यमवर्ग सुट्टीत किनाऱ्यावर जायला लागला होता. लोकांना फक्त एक पुस्तक हवं होतं.

गॉसची यादी

ते लिहिलं फिलिप हेन्री गॉस यांनी, १८५४ साली. पुस्तकाचं नाव "द अक्वेरियम". अक्वेरियम हा शब्द आज ज्या अर्थाने आपण वापरतो, तो रुळवण्यात या पुस्तकाचा मोठा वाटा. त्याच्या आदल्याच वर्षी लंडनच्या प्राणिसंग्रहालयात "फिश हाउस" उघडलं होतं. त्यासाठीही गॉस यांनी किनाऱ्यावरून जीव गोळा करून पाठवले होते. समुद्रापासून लांब राहणाऱ्यांसाठी त्यांनी कृत्रिम समुद्रपाण्याची कृती दिली. साधं मीठ, एप्सम सॉल्ट, मॅग्नेशियम क्लोराइड, पोटॅशियम क्लोराइड, बस्स. दादाच्या घरी जी मिठाची पिशवी येते तिची ही पणजी.

गॉस यांच्या टाकीतले मासे बघितले तर आजच्या दुकानदाराला हसू येईल. ब्लेनी, गोबी, स्टिकलबॅक, बोईची छोटी पिल्लं. रंग मातकट, लांबी बोटभर. पण थोडा विचार केला की यातलं शहाणपण दिसतं. हे मासे ओहोटीनंतर खडकात उरणाऱ्या डबक्यांत सापडतात. उन्हात ते डबकं तापतं, पाणी आटून जास्त खारट होतं, पाऊस पडला की गोडं होतं, रात्री ऑक्सिजन कमी होतो. हे सगळं जो रोज सोसतो त्याला लंडनच्या दिवाणखान्यातली टाकी फारशी वेगळी नव्हे. पहिली योग्य यादी अशी निसर्गानेच चाळून दिली होती.

त्या काळातला खरा हिरो तर मासा नव्हताच, ॲनिमोन होता. सर जॉन डॅलिएल यांनी १८२८ साली स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरून एक ॲनिमोन आणला. १८५१ साली डॅलिएल गेले, ॲनिमोन राहिला. "ग्रॅनी" म्हणजे आजी या नावाने तो एडिंबरामध्ये प्रसिद्ध झाला आणि १८८७ साली मेला. साध्या काचेच्या बरणीत एकोणसाठ वर्षं.

पण या छंदाची किंमत किनाऱ्याने मोजली. पुस्तक वाचून हजारो लोक हातोडी-छिन्नी घेऊन डबक्यांवर तुटून पडले. गॉस यांचा मुलगा एडमंड याने १९०७ साली वडिलांच्या आठवणी लिहिल्या, त्यात डेव्हनच्या किनाऱ्यावरची ती डबकी कशी उजाड झाली याची खंत आहे. आणि याला आपल्या वडिलांची पुस्तकं कारणीभूत झाली, हेही तो लपवत नाही. म्हणजे "टँकला योग्य" असं एकदा छापून आलं की त्या जीवाच्या मागे माणसं लागणार, हे तेव्हाच दिसलं होतं.

पाण्यात आणखी कोण राहतं?

बहुतेक घरगुती टाक्या मात्र काही दिवसांतच सडल्या आणि १८६०च्या दशकात ती लाट ओसरली. का सडल्या? कारण समतोलाच्या हिशोबात एक मोठी रक्कम धरलीच नव्हती.

मासा कल्ल्यांतून सतत अमोनिया सोडतो. उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजूनही अमोनियाच होतो. हा अमोनिया माशाला विषारी. समुद्राच्या पाण्यात तर जास्तच, कारण त्याचा सामू, म्हणजे आपला पीएच, ८.१ ते ८.३ असतो आणि सामू जेवढा जास्त तेवढा अमोनियाचा विषारी भाग वाढतो. सामू ७ असलेल्या गोड्या पाण्याशी तुलना केली तर तेवढ्याच एकूण अमोनियात समुद्री टँकमधला विषारी भाग साधारण दहापट भरतो. डोरीला जे लागलं ते हेच. पाणी स्वच्छ दिसतं, कारण अमोनियाला रंग नसतो.

समुद्रात तो साठत नाही. एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. नायट्रेट तुलनेने सौम्य. ही प्रक्रिया सजीव करतात हे १८७७ साली श्लोसिंग आणि म्युंट्झ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी दाखवलं, सांडपाणी वाळूतून गाळताना. ते जिवाणू वेगळे करून वाढवायला १८९०च्या सुमारास विनोग्राडस्की यावे लागले. म्हणजे गॉस यांनी पुस्तक लिहिलं तेव्हा त्यांच्या टाकीतल्या सगळ्यात महत्त्वाच्या रहिवाशांचा पत्ताच कुणाला नव्हता.

इथे माझ्या संशोधनातली सगळ्यात लाडकी गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. शंभराहून जास्त वर्षं सगळे समजत होते की अमोनिया खाणारे फक्त जिवाणू. २००५ साली एक वेगळाच सूक्ष्मजीव शुद्ध स्वरूपात वाढवण्यात यश आलं. तो जिवाणू नव्हता, आर्किया या स्वतंत्र गटातला होता. लांबी एक मायक्रोमीटरहून कमी. नाव नायट्रोसोप्युमिलस मॅरिटिमस. पुढे कळलं की त्याचे नातेवाईक जगभरच्या समुद्रांत प्रचंड संख्येने आहेत. आणि हा सापडला कुठे? खोल समुद्रात नाही. अमेरिकेतल्या सिॲटल अक्वेरियमच्या एका उष्णकटिबंधीय टँकच्या तळाच्या खडीत!

नव्या टँकमध्ये ही मंडळी जवळपास नसतात. त्यांची संख्या हळू वाढते, पूर्ण बस्तान बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. दादाने चार दिवस दिले होते.

विमानातून आलेले मासे

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत घरात समुद्री मासे पाळणं हे मोजक्या वेड्यांचं काम होतं. टँकच्या धातूच्या चौकटी खाऱ्या पाण्याने गंजायच्या आणि तो गंज माशांना मारायचा. आपल्याकडे मुंबईत १९५१ साली मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडलं. माझ्या आधीच्या दोन पिढ्यांनी प्रवाळातला रंगीत मासा पहिल्यांदा पाहिला तो बहुधा तिथेच. घरी तो ठेवता येईल असं कुणाच्या मनातही आलं नसेल.

युद्धानंतर तीन-चार गोष्टी एकत्र जुळल्या. प्लास्टिकची पिशवी आणि जेट विमान आलं, त्यामुळे फिलिपिन्सचा मासा दोन दिवसांत न्यूयॉर्कला पोचू लागला. सिलिकॉनने चिकटवलेले, चौकटीशिवायचे काचेचे टँक आले. १९६४ साली अमेरिकेत "इन्स्टंट ओशन" हे तयार मीठ बाजारात आलं. रॉबर्ट स्ट्रॉन यांचं घरगुती खाऱ्या पाण्याच्या टँकवरचं पुस्तक १९५९चं. ओहोटीच्या डबक्यातला मातकट ब्लेनी मागे पडला आणि प्रवाळातले फुलपाखरू मासे, एंजल, टँग पुढे आले.

आता "योग्य" म्हणजे काय? सुरुवातीला उत्तर होतं: जो मरत नाही तो. डॅमसेल नावाचे छोटे, चिवट मासे यात उतरले. यातून एक पद्धत पडली, जी पुढे कित्येक दशकं चालली आणि दादाच्या दुकानदाराकडे अजून चालू आहे. नव्या टँकमध्ये आधी स्वस्तातले डॅमसेल सोडायचे, त्यांच्या अमोनियावर सूक्ष्मजीव वाढू द्यायचे. वाचले तर वाचले. म्हणजे योग्य मासा तो, जो विष सहन करतो. बरं, वाचलेले डॅमसेल आपला कोपरा ठरवून टाकतात आणि नंतर येणाऱ्या प्रत्येकाला मारतात. दादाचे दोन्ही डॅमसेल अजून आहेत, एका मित्राच्या टँकमध्ये, एकेकटे ठेवलेले.

दुसरीकडे, दिसायला सुंदर पण टँकमध्ये उपाशी मरणारे मासे विकले जात राहिले. फुलपाखरू माशांतल्या काही जाती फक्त जिवंत प्रवाळाचे पॉलिप खातात. मँडरिन दिवसभर खडकांवरचे बारीक कोपेपॉड टिपत फिरतो. नव्या टँकमध्ये ते नसतातच. मूरिश आयडॉल बराचसा स्पंजवर जगतो. सफाई करणारा क्लीनर रास दुसऱ्या माशांच्या अंगावरचे परजीवी खातो, चार माशांच्या टँकमध्ये त्याला गिऱ्हाइकं कुठून मिळणार? हे मासे "नाजूक" नाहीत. समुद्रात ते उत्तम जगतात. त्यांचं ताट आपल्याला वाढता येत नाही, एवढंच.

आणि काही मासे दुकानात यायच्या आधीच अर्धे मेलेले असायचे. १९६०च्या दशकात फिलिपिन्समध्ये सोडियम सायनाइडचं पाणी पिचकारीने खडकांच्या फटींत मारून मासे पकडायला सुरुवात झाली. मासा गुंगतो, हाताला लागतो. आजूबाजूचं प्रवाळ मरतं. मासा पुष्कळदा काही आठवड्यांनी मरतो, कुणाच्या तरी घरात, आणि तो माणूस स्वतःलाच दोष देत बसतो.

बांगाई: सगळ्या कसोट्यांना उतरलेला मासा

या सगळ्या इतिहासात मला सगळ्यात जास्त चटका लावणारा मासा म्हणजे बांगाई कार्डिनल. चंदेरी अंग, काळे पट्टे, लांब पर. लांबी तीन इंच. शांत, दिलं ते खाणारा, छोट्या टँकमध्ये सुखी. कुठल्याही यादीत पहिल्या पाचांत बसावा असा.

१९३३ साली कोमान्स या डच शास्त्रज्ञाने त्याचं वर्णन केलं आणि मग जग त्याला विसरलं. १९९४ साली जेराल्ड ॲलन यांना तो इंडोनेशियात, सुलावेसीजवळच्या बांगाई बेटांवर पुन्हा दिसला. वर्ष-दोन वर्षांत तो जगभर विकला जाऊ लागला. २००७ साली निसर्ग संवर्धनाच्या जागतिक संघटनेने, आययूसीएनने, त्याची नोंद धोक्यातली जाती म्हणून केली.

एवढ्या लवकर कसं? बहुतेक समुद्री माशांची पिल्लं प्रवाहाबरोबर दूर वाहून जातात आणि नवीन जागी वस्ती करतात. बांगाईचं तसं नाही. नर अंडी तोंडात सांभाळतो, त्यातून पूर्ण बनलेली पिल्लं बाहेर पडतात आणि तिथेच, साळिंदरासारख्या काटेरी सागरी अर्चिनांच्या आडोशाला राहतात. एका खाडीतले मासे पकडून संपवले की शेजारच्या खाडीतून भरपाई सहसा होत नाही.

पण याच स्वभावामुळे त्याची पैदास टँकमध्ये सोपी आहे. पिल्लं मोठी असतात, आर्टेमियाची पिल्लं पहिल्या दिवसापासून खातात. म्हणजे बांगाई पाळणं योग्य की अयोग्य, हे त्याच्याकडे बघून ठरतच नाही. तो कुठे जन्मला ते विचारावं लागतं.

जन्म कुठे झाला?

गोड्या पाण्यातले बहुतेक शोभिवंत मासे तळ्यांत वाढवलेले असतात, समुद्री बहुतेक अजूनही पकडलेले. अडचण पिल्लांच्या तोंडाची आहे. ते इतकं लहान असतं की त्यात मावेल असं जिवंत खाणं लागतं. जपानमध्ये रोटिफर नावाचे सूक्ष्म जीव पिल्लांचं खाणं म्हणून वाढवायचं तंत्र बसलं आणि दार किलकिलं झालं. क्लाउनफिशची पिल्लं जन्मतःच त्यातल्या त्यात मोठी, म्हणून १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला फ्लोरिडात मार्टिन मो यांना ती व्यापारी प्रमाणात वाढवता आली. आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेने, म्हणजे सीएमएफआरआयने, क्लाउनफिशच्या पैदाशीचं तंत्र बसवलं आहे.

टँगची पिल्लं मात्र अगदीच बारीक. पिवळा टँग हवाईत २०१५ साली वाढवता आला आणि निळा टँग, आपली डोरी, २०१६ साली फ्लोरिडात. म्हणजे "नीमो" आणि "डोरी" यांच्यात चाळीसेक वर्षांचं अंतर आहे.

दादाची यादी

मग दादाला काय सांगितलं?

पहिले सहा आठवडे मासाच आणायचा नाही. खडक, वाळू आणि मोजून घातलेला थोडा अमोनिया. त्यासाठी कुठल्याही डॅमसेलला वेठीला धरायची गरज नाही. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले की मग बोलू.

मग प्रत्येक माशासाठी चार प्रश्न: पूर्ण वाढल्यावर केवढा होतो? काय खातो? दुसऱ्यांशी कसा वागतो? जन्मला कुठे? निळा टँग पहिल्याच प्रश्नाला बाद. तो फूटभर वाढतो आणि दिवसभर पोहतो, ऐंशी लिटर म्हणजे त्याला बादली.

चारही प्रश्नांना उतरले ते असे. पैदास केंद्रातली ऑसेलॅरिस क्लाउनफिशची दोन लहान पिल्लं. क्लाउनफिश सगळे आधी नर असतात, जोडीतला वरचढ मादी होतो, म्हणून दोन लहान आणली की जोडी आपोआप जमते. तिसरा आणला की भांडणं. त्यांना ॲनिमोन लागतच नाही. महिन्याभराने एक छोटा गोबी. त्याचे दोन-तीन इंच आणि वाळूतलं बीळ एवढाच संसार. सगळ्यात शेवटी, पैदास केलेला मिळाला तरच, एक बांगाई. बस्स. चार मासे. वर झाकण हवंच, गोबी उड्या मारतात.

समुद्री घोडा आणि खडक रचणारं जिवंत प्रवाळ मागायचंही नाही, हेही सांगितलं. २००१ सालीच दोन्ही वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आले आहेत. दुकानदार "मिळेल की" म्हणाला तर दुकान बदलायचं.

दादा म्हणाला, "चारच? मग एवढा खर्च कशाला?" वहिनी मागून म्हणाल्या, "जगणारे चार बरे की मरणारे सहा?" त्यावर तो गप्प बसला.

टँकला आज पाचवा आठवडा आहे. भाचा आता नऊ वर्षांचा आहे आणि रोज संध्याकाळी स्वतः अमोनिया मोजतो. परीक्षा-नळीतला रंग पट्टीशी जुळवून वहीत लिहितो आणि मला फोटो पाठवतो. काल विचारत होता, "आत्या, टँक रिकामा आहे ना, मग रोज मोजून हा आकडा खाली कोण आणतंय?"

रविवारी मायक्रोस्कोप घेऊन जाणार आहे. एक मायक्रोमीटरचा जीव त्यात नीट दिसणार नाही, हे त्याला आधीच सांगून ठेवलंय. तरी ये म्हणाला.